टाटाला नेलंय : एका न बोललेल्या शब्दाचा इतिहास

नेहमीप्रमाणे भागाचा मजकूर इथे देतोय. बसमध्ये असाल, हेडफोन घरी राहिला असेल, तर वाचा.

हा भाग किल्ल्यांचा नाही, लढायांचा नाही. एका आजाराच्या औषधाचा इतिहास आहे. आणि त्या आजाराबद्दल लहान मुलांशी काय बोललं गेलं, खरं तर काय बोललं गेलं नाही, त्याचाही. पण सुरुवात माझ्या घरापासून करतो, कारण हा विषय मी निवडलेला नाही. तो माझ्या अंगावर आला.

माझं गाव कापडे, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड. गेल्या गणपतीत सुट्टी काढून गावी गेलो होतो. माझ्या चुलतभावाचा मुलगा सात वर्षांचा आहे. वर्षभरापूर्वी त्याला ब्लड कॅन्सर निघाला. मुंबईत उपचार चालू आहेत आणि ते लागू पडतायत. डॉक्टरांना विचारून त्याला चार दिवस गावी आणलं होतं. तोंडाला मास्क, गर्दीत जायचं नाही, आरतीला पडवीतूनच टाळ्या वाजवायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे कलंडले होते तेव्हा तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "काका, तू कम्प्युटरवाला ना? मग मला सांग, मला काय झालंय? आई म्हणते रक्त कमी आहे. आजी म्हणते नजर लागली. डॉक्टर आले की पप्पा मला बाहेर पाठवतात."

मी लोणेऱ्याला बीटेक केलं. सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. दर आठवड्याला मीटिंगमध्ये बसून लोकांना अवघड गोष्टी सोप्या करून सांगतो, त्याचाच पगार मिळतो. आणि त्या पोरासमोर माझी वाचा बसली. "विचारून सांगतो रे," म्हणालो आणि उठून विहिरीकडे गेलो.

हा भाग म्हणजे ते विचारून आलेलं उत्तर आहे.

परळ आणि आमचा तालुका

आमच्याकडे कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नाही. "त्यांना टाटाला नेलंय" एवढं म्हणतात. ऐकणारा "अरेरे" म्हणतो आणि विषय बदलतो. एका रुग्णालयाचं नाव आजाराचं नाव कसं झालं?

त्याचं कारण परळ. महाड-पोलादपूरच्या माणसांसाठी मुंबई म्हणजे गिरणगाव. माझे आजोबा लोअर परळच्या गिरणीत कामाला होते. गावकीच्या खोलीत पंधरावीस जण पाळीपाळीने झोपायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि काही महिन्यांनी आजोबा ट्रंक घेऊन गावी परत आले. पण परळचा पत्ता आमच्या तालुक्याच्या डोक्यात पक्का बसलेला होता. गावात कुणाला मोठं दुखणं निघालं की परळला कुणीतरी ओळखीचं असायचंच.

आणि परळलाच टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. त्याचा जन्मही रक्ताच्याच कॅन्सरमधून झाला, हे मला हा भाग करेपर्यंत माहीत नव्हतं. जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी. त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने वारल्या. दोराबजींनी १९३२ मध्ये बायकोच्या नावाने ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी ट्रस्ट काढला, जगभरच्या शास्त्रज्ञांना मदत देणारा. त्याच वर्षी तेही गेले. पुढे त्यांच्या ट्रस्टने परळला रुग्णालय बांधलं. ते २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं. १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे आलं.

लक्षात घ्या, १९४१ मध्ये रुग्णालय होतं, पण ल्युकेमिया झालेल्या मुलासाठी औषध जगात कुठेच नव्हतं. शस्त्रक्रिया कशावर करणार? आजार सगळ्या रक्तात. रेडियम कुठे ठेवणार? मुलं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जायची.

भीमावरमचा माणूस आणि बोस्टनची सोळा मुलं

पहिली फट पडली १९४७ मध्ये. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांच्या लक्षात आलं की फॉलिक अ‍ॅसिडसारखी द्रव्यं दिली की ल्युकेमिया आणखी फोफावतो. मग उलट करून बघायचं. फॉलिक अ‍ॅसिडसारखं दिसणारं, पण त्याचं काम अडवणारं द्रव्य दिलं तर?

असं द्रव्य लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्या औषधाचं नाव अमिनोप्टेरिन. फार्बर यांनी १६ मुलांना ते दिलं, १० मुलांमध्ये आजार मागे हटला. जून १९४८ मध्ये हे छापून आलं. सुधारणा टिकली नाही, काही महिन्यांनी आजार परतला. पण ल्युकेमिया मागे हटू शकतो हे जगाने पहिल्यांदा पाहिलं. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले.

माझा पुतण्या आठवड्यातून एकदा पिवळ्या गोळ्या घेतो. मेथोट्रेक्सेट. ती अमिनोप्टेरिनचीच धाकटी बहीण. म्हणजे भीमावरमच्या माणसाच्या प्रयोगशाळेतून निघालेली गोष्ट कापड्याच्या पडवीत स्टीलच्या वाटीत येऊन पोचलीय. हे कळलं तेव्हा मी ती वाटी जरा वेगळ्याच नजरेने पाहिली.

पुढची तीस वर्षं काम झालं ते औषधांच्या मांडणीचं. एक औषध पुरत नाही, चार-पाच एकत्र द्यायची. आधी जोरात, मग बेताने, मग दोन-अडीच वर्षं सतत. मेंदूभोवतीच्या पाण्यात पेशी लपून बसतात, म्हणून पाठीच्या कण्यातून औषध द्यायचं. पाश्चात्त्य देशांत याने मुलं बरी व्हायला लागली. भारतात मात्र तेच आराखडे जसेच्या तसे चालेनात. इथे मुलं उशिरा यायची, कुपोषित असायची, जंतुसंसर्गाने दगावायची.

इथे परळचे डॉ. सुरेश अडवाणी येतात. लहानपणी पोलिओ झालेला, व्हीलचेअरवरून काम करणारा डॉक्टर. १९८३ साली त्यांनी टाटामध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीवर भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. मज्जा तिच्या भावाने दिली होती. त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले इयान मॅग्राथ आणि टाटाची मंडळी मिळून एक आराखडा बनवला, एम.सी.पी. ८४१. मुंबई, चेन्नई आणि दिल्ली, तिन्ही ठिकाणी एकच पद्धत. आधी ज्या आजारात शंभरातली जेमतेम वीस मुलं वाचायची, तिथे चार वर्षांनंतर आजाराविना असलेल्यांचं प्रमाण केंद्रागणिक ४० ते ६० टक्क्यांपर्यंत गेलं.

आता ऐका. हा इतिहास सांगताना मी एक गोष्ट मुद्दाम बाजूला ठेवली होती. ती आता सांगतो.

ताईची कंपासपेटी

२००४ साली मी सात वर्षांचा होतो. माझी आतेबहीण अकरा वर्षांची होती, सहावीत. तिला ताप यायचा, अंगावर निळे डाग उठायचे. तिला मुंबईला नेलं. मला सांगितलं, ताईला कावीळ झालीय. तिला सांगितलं, रक्त कमी झालंय, टॉनिक द्यायला नेतायत. गावात सांगितलं, टाटाला नेलंय. म्हणजे सगळ्या गावाला खरं माहीत होतं. आम्हा दोन पोरांना सोडून. असं मोठ्यांना वाटत होतं.

ती मे महिन्यात मधेच घरी आली. डोक्याला रुमाल. आम्ही पडवीत गोट्यांनी खेळत होतो. तिने दप्तरातून कंपासपेटी काढली, नवीकोरी, आणि मला दिली. मी म्हटलं, तुला सातवीत लागेल ना? ती म्हणाली, "मी सातवीत जाणार नाय. कुणाला सांगू नको हां. आईला वाटतंय मला ठाऊक नाय. तिला कळलं तर रडंल."

ती श्रावणात गेली. मी ते वीस वर्षं कुणालाच सांगितलं नाही. कंपासपेटी अजून माझ्याकडे आहे.

मुलांना सांगायचं नाही, हा नियम कुठून आला?

मला वाटायचं की हे लपवणं आपल्याकडचं, गावाकडचं, अडाणीपणाचं. तसं नाहीये. १९६१ साली अमेरिकेत डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोच्या एका रुग्णालयातल्या २१९ डॉक्टरांना विचारलं, तुम्ही रुग्णाला कॅन्सर आहे असं सांगता का? सुमारे ९० टक्क्यांचा कल न सांगण्याकडे होता. आणि हे मोठ्या माणसांबद्दल! १९७९ मध्ये पुन्हा तसंच सर्वेक्षण झालं तेव्हा चित्र पूर्ण उलटं होतं, ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने. अठरा वर्षांत एवढा फरक का पडला? एक मोठं कारण सरळ आहे. औषधं आली. सांगण्यासारखं काहीतरी हातात आलं. शिवाय दोन-अडीच वर्षं सुया टोचून घ्यायच्या तर रुग्णाला कशासाठी ते कळायला हवं.

मुलांबद्दल डोळे उघडले ते मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंमुळे. त्या १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एका रुग्णालयात ल्युकेमिया झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांसोबत अनेक महिने राहिल्या. त्यावरचं पुस्तक १९७८ मध्ये आलं. त्यांना जे दिसलं ते असं. मुलांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तरी मुलांना सगळं ठाऊक होतं. ती पायऱ्यापायऱ्यांनी शिकत होती. आधी कळतं की आजार मोठा आहे. मग औषधांची नावं आणि त्यांचे त्रास पाठ होतात. मग कोणती सुई कशासाठी ते. मग हे की आजार जातो आणि परत येतो. शेवटी, की तो परत येत राहिला तर माणूस मरतो. हे ती दुसऱ्या मुलांकडून शिकायची, दाराआडून ऐकायची, आईचा चेहरा वाचायची. वॉर्डातल्या गेलेल्या मुलाच्या खेळण्यांना हात लावायची नाहीत. पुढच्या वर्षाबद्दल बोलायची बंद व्हायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ठाऊक असूनही ती ठाऊक नसल्याचं नाटक करायची. आईवडिलांसाठी. कारण त्यांच्या लक्षात आलेलं असायचं की आपण खरं बोललो तर मोठी माणसं खोलीत थांबत नाहीत.

हे मी रात्री अडीच वाजता लॅपटॉपवर वाचलं. आणि मला पडवी दिसली, गोट्या दिसल्या, "आईला वाटतंय मला ठाऊक नाय" ऐकू आलं. ताई काही जगावेगळी नव्हती. जगभरच्या वॉर्डांतली मुलं तेच करत होती, आपल्या आया रडू नयेत म्हणून.

'दादा, हे इंजेक्शन आपल्याला का नाही देत?'

आता दुसरा धागा. गणपतीतच भावाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक व्हिडिओ दाखवला. आयआयटी मुंबईने कॅन्सर एका इंजेक्शनात बरा करणारं औषध काढलंय, असा. "हे आपल्या पोराला का देत नाहीत? पैशाचं असेल तर जमीन काढू," म्हणाला. म्हणून मी ते मुळापासून वाचलं. तुमच्याही घरच्या ग्रुपवर हा व्हिडिओ आला असेल, म्हणून नीट सांगतो.

आपल्या शरीरात आजाराशी लढणाऱ्या पेशी असतात, त्यातल्या एका जातीला टी पेशी म्हणतात. त्या परक्या जंतूला ओळखून मारतात. पण कॅन्सरची पेशी परकी नसते. ती आपल्याच घरची, बिघडलेली. म्हणून टी पेशी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. शरीराच्याच पहारेकऱ्यांना कॅन्सरवर सोडायचं, ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली १८९१ पासून रुग्णांना मुद्दाम जंतू टोचून बघत होते. काहींच्या गाठी विरघळायच्या, पण का ते कुणाला सांगता येईना.

नेमका मार्ग सापडायला शंभर वर्षं गेली. १९८० च्या दशकाच्या शेवटी इस्रायलचे झेलिग एशहार यांनी टी पेशीला बाहेरून नवा ओळखणारा अवयव बसवून दाखवला. म्हणजे असं. रुग्णाचं रक्त घ्यायचं, त्यातल्या टी पेशी वेगळ्या काढायच्या. निकामी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात एक नवीन जनुक घालायचं. त्या जनुकामुळे पेशीवर एक नवा हात उगवतो, जो कॅन्सरच्या पेशीवरची एक विशिष्ट खूण पकडतो. बी पेशींच्या ल्युकेमियात ही खूण असते सीडी-१९. मग या पेशी वाढवायच्या, कोट्यवधी करायच्या आणि त्याच रुग्णाला परत द्यायच्या. यालाच कार-टी म्हणतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणू, जुन्याच प्रोग्रॅमला नवा पॅच मारला.

एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फियाला एमिली व्हाइटहेड ही सहा वर्षांची मुलगी हे उपचार घेणारी पहिली लहान रुग्ण ठरली. तिचा आजार दोनदा उलटला होता. पेशी दिल्यावर तिला इतका ताप चढला की ती व्हेंटिलेटरवर गेली. शरीरात सुटलेल्या रासायनिक निरोपांचं वादळच उठलं होतं. तपासणीत त्यातलं एक द्रव्य भयंकर वाढलेलं दिसलं. प्रमुख संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला लहानपणापासून संधिवात होता, त्यामुळे त्या द्रव्याला अडवणारं संधिवाताचं औषध त्यांना ठाऊक होतं. ते दिलं आणि काही तासांत वादळ शमलं. एमिली शुद्धीवर आली तो तिचा सातवा वाढदिवस होता. ती आज तरुण मुलगी आहे.

२०१७ मध्ये अमेरिकेने या उपचाराला मंजुरी दिली. किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर. आपल्याकडे कुणाच्या घरी एवढे पैसे असतात?

इथे पवई आणि खारघर येतात. राहुल पुरवार अमेरिकेतून परतून २०१३ मध्ये आयआयटी मुंबईत आले. त्यांच्या प्रयोगशाळेत अलका द्विवेदी, अथर्व कारुळकर अशा तरुण संशोधकांनी वर्षानुवर्षं खपून भारतातली कार-टी बनवली. तिचा ओळखणारा भाग माणसाच्या प्रथिनासारखा घडवला होता, त्रास कमी व्हावा म्हणून. टाटाकडून मुलांच्या कॅन्सरचे डॉ. गौरव नरुला आणि मोठ्यांच्या रक्तविकाराचे डॉ. हसमुख जैन. माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांसाठी सरकारच्या बायोफार्मा मिशनने १९ कोटी १५ लाख रुपये मंजूर केले. पेशी पवईला बनल्या आणि ४ जून २०२१ रोजी, कोविडच्या दुसऱ्या लाटेच्या शेवटाला, टाटाच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात भारतातली पहिली कार-टी दिली गेली. आपली एस.टी. पनवेल सोडून मुंबईकडे निघाली की लागतं ते खारघर. मी तिथून शेकडो वेळा झोपेत गेलोय.

ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला, नेक्सकार-१९ ला, मंजुरी मिळाली. ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटीत त्याचं लोकार्पण झालं. खर्च परदेशाच्या सुमारे एक दशांश, तरी तीस-चाळीस लाखांच्या घरात. २०२५ मध्ये दोन चाचण्यांमधल्या ६४ रुग्णांचे निष्कर्ष छापून आले. ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांच्यातल्या सुमारे ७३ टक्क्यांमध्ये आजार मागे हटला. मागे हटला म्हणजे कायमचा गेला असं नाही. काहींचा परत येतो. आणि २०२३ ची ती मंजुरी १५ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी होती. लहान मुलांसाठीचं काम चाचण्यांमधून वेगळं चाललं.

मग भावाला मी काय सांगितलं? की दादा, जमीन काढू नको. हे इंजेक्शन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे ज्यांचा आजार नेहमीच्या औषधांना दाद देत नाही किंवा उलटून येतो. आपल्या पोराला साध्या औषधांनीच गुण आहे. ती अडीच वर्षं न चुकता पुरी करणं, हेच आज त्याच्यासाठी मोठं काम. मधेच उपचार सोडल्यामुळे आपल्याकडे किती मुलं गेली! गावी राहायचं, मुंबईत खोली नाही, मजुरी बुडते, मग "बरा दिसतोय, बास झालं" म्हणून लोक परत जातात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कितीतरी कुटुंबांना आसरा दिला. २००६ पासून सेंट ज्यूड संस्था अशा मुलांना आईवडिलांसह फुकट ठेवून घेते. टाटाचा मुलांचा विभाग आणि इम्पॅक्ट फाउंडेशन यांनी पैसे, राहणं, पाठपुरावा सगळं एकत्र बांधलं, तेव्हा सोडून जाणारी मुलं खूप कमी झाली. त्यात जनुकं नव्हती, नवा शोध नव्हता. पण त्यानेही मुलं वाचली.

आत्याला सांगितलं

पुतण्याशी बोलण्याआधी मला एक काम होतं. मी आत्याकडे गेलो. ती माजघरात तांदूळ निवडत होती. मी कंपासपेटी तिच्यापुढे ठेवली आणि वीस वर्षं पोटात ठेवलेलं सांगितलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं रं. तिला ठाऊक हाय ते. रात्रीची माझ्याकडं बघत पडायची. पन मी बोलली असती तर तिला वाटलं असतं, आईनं आशा सोडली." थोड्या वेळाने म्हणाली, "दोघी येका खाटेवर झोपायचो. दोघी गप."

मी हे रेकॉर्ड करताना दोनदा थांबलो होतो. ऐकलेल्यांना ते कळलं असेल.

आत्यानेच मग भावाला आणि वहिनीला बोलावलं आणि सांगितलं, "त्या पोराला येकटं ठेवू नका."

राब भाजतात तसं

कसं सांगायचं ते मी वाचून ठेवलं होतं. मुलांच्या वॉर्डात काम करणारे लोक साधारण हेच सांगतात. आजाराचं खरं नाव घ्या, नाहीतर मूल ते दुसऱ्याकडून ऐकेल. त्याची चूक नाही हे स्पष्ट सांगा, कारण लहान मुलांना हमखास वाटतं की आपण हट्ट केला, खोटं बोललो म्हणून हे झालं. हा आजार कुणाकडून लागत नाही आणि कुणाला लागणार नाही हे सांगा. उद्या काय होणार, दुखणार का, ते आधी सांगा. दुखणार असेल तर "नाही दुखत" म्हणू नका. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणा. आणि त्याने विचारलं तेवढंच सांगा, सगळं एका दमात ओतू नका.

संध्याकाळी वहिनी, दादा, मी आणि तो, चौघंच बसलो. पेशी, जनुक, सीडी-१९ सगळं माझ्या जिभेवर होतं. पण आमच्या समोर शेत होतं.

मी म्हटलं, तुझ्या आजाराचं नाव ब्लड कॅन्सर. तो "हं" म्हणाला. वहिनीने पदर तोंडाला लावला, पण उठली नाही. मी म्हटलं, आपल्या रक्तात शेतासारखं पीक सारखं उगवत असतं. तुझ्या शेतात भातासारखंच दिसणारं एक तण माजलं. ते इतकं माजलं की चांगल्या भाताला जागा राहिली नाही. म्हणून दमायला व्हायचं, डाग पडायचे. औषध ते तण मारतं. पण त्याला नीट निवडता येत नाही, थोडं भातही जळतं. म्हणून केस गेले. आजोबा राब भाजतात बघ, सगळं काळं होतं, आणि मग त्याच जागी हिरवी रोपं येतात. तसे केसही येतील.

तो म्हणाला, "तण कुणी पेरलं?"

मी म्हटलं, कुणीच नाही. तू नाही, आईने नाही, नजरेनेही नाही.

"मी गोळी थुंकली होती एकदा, म्हणून नाही?"

नाही रे राजा, म्हटलं. दादाने तोंड फिरवलं.

मग त्याने विचारलं, "परत आलं तर?" हा प्रश्न येणार हे मला वाचून ठाऊक होतं, तरी पोटात गोळा आला. उत्तर वहिनीने दिलं. "तर दुसरं औषध हाय. काकाने वाचलंय. आनि आलं की नाय ते आमी तुला पयलं सांगू. तुला बाहेर नाय पाठवणार."

त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग पुढच्या गणपतीला मला आरतीला आत येऊ द्याल?"

पुढच्या गणपतीबद्दल बोलला तो. ब्लूबॉन्ड-लँगनर बाईंची मुलं पुढच्या वर्षाचं बोलायची बंद झाली होती, हे मघाशी सांगितलं ना. म्हणून मला ते वाक्य इतकं मोठं वाटलं.

शेवटचं

सुब्बाराव, फार्बर, अडवाणी, पवईची पोरं, सगळ्यांनी मिळून पंचाहत्तर वर्षांत एवढं केलं की आज ल्युकेमिया झालेल्या मुलाला खरं सांगणं म्हणजे आशा सोडणं उरलं नाही. आत्याच्या वेळी तिला तसं वाटणं मी समजू शकतो. पण आता टाटाच्या मुलांच्या विभागात बरी झालेली माणसं वर्षानुवर्षं तपासणीला येतात. त्यासाठीचं खास क्लिनिक १९९१ पासून चालू आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीचा उगम नावाचा बऱ्या झालेल्या तरुणांचा गट २००९ पासून आहे. ती माणसं स्वतःच्या तोंडाने, नाव घेऊन, हा आजार सांगतात. जमलं तर त्यांचं बोलणं शोधून ऐका.

आणि तुमच्या घरात, शेजारी, चाळीत असं एखादं मूल असेल, तर एवढंच करा. त्याने विचारलं तर विहिरीकडे निघून जाऊ नका, मी गेलो तसं. बहुतेक त्याला ठाऊक असतंच. आपण फक्त त्याच्यासोबत बसायचं की त्याला एकटं ठेवायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

कंपासपेटी मी आत्याकडेच ठेवून आलो. ती म्हणाली, पुतण्या पाचवीत गेला की त्याला देईन.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.